जेरुसलेमचा 'तीन धर्म' वॉक: गाइडपेक्षा त्याची फाइल भारी

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पण ज्यांना फक्त जावं की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, जा. शूज मात्र ग्रिपवाले घाला, जुन्या शहरातले दगड शेकडो वर्षं पाय घासून घासून इतके गुळगुळीत झालेत की नवरा दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा माझ्या बॅगेला धरून वाचला.

आम्ही गेलो २०२३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे युद्धाच्या आधी, त्यामुळे आता काय चालू काय बंद ते विचारूनच बुक करा. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण तक्रार पण आहे आणि उगाच वाद नको. दिवसभराचा वॉक, माणशी २४० शेकेल, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेपाच हजार, आणि लंच त्यात नाही, हे बुकिंगच्या पानावर इतक्या बारीक अक्षरात होतं की आम्ही दोघं निवांत उपाशी पोहोचलो. ग्रुप अकरा जणांचा. केरळचे पाच ख्रिश्चन, दोन जर्मन शिक्षिका, लंडनचं एक पाकिस्तानी मुळाचं जोडपं, आणि आम्ही दोघं ठाणेकर, गाइड वेगळा. गाइड स्वतः कुठल्या धर्माचा ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही, कुणी विचारलं की "लंचनंतर सांगतो" आणि लंचनंतर विचारलं की "लंचच्या आधी विचारायचं होतं". आधी गंमत वाटली, दुपारी जरा राग आला, आता वाटतं बरोबर केलं त्याने, कारण सांगितलं असतं तर आम्ही प्रत्येक वाक्य त्याच चाळणीतून चाळलं असतं.

जाहिरातीत लिहिलंय की हा "समतोल इतिहास" आहे. समतोल म्हणजे यांच्या हिशोबाने काय, तर तिन्ही धर्मांना सारखा वेळ. अक्षरशः. गाइडच्या मोबाईलवर टायमर लावलेला, ज्यूंना पन्नास मिनिटं, ख्रिश्चनांना पन्नास, मुस्लिमांना पन्नास, आणि टायमर वाजला की वाक्य अर्धं सोडून पुढे चला. हा प्रकार मला अजिबात पटला नाही. पण त्याच्या खांद्यावरच्या झोळीत एक प्लास्टिकची फाइल होती, त्यात लॅमिनेट केलेले कागद, प्रत्येक जागेसाठी दोन-तीन, आणि प्रत्येक कागदावर वरती मोठ्या अक्षरात तीनच गोष्टी, कोणी लिहिलं, कधी लिहिलं, त्या वेळी तो कुठे होता. खाली मजकूर. चार स्टार आहेत ते या फाइलला.

सुरुवात सकाळी साडेसातला, त्या लाकडी रॅम्पवरून वरती, जिथे डोम ऑफ द रॉक हा सोनेरी घुमट आणि अल-अक्सा मशीद आहे, आणि जिथे त्याआधी ज्यूंचं मंदिर होतं. मुस्लिम नसलेल्यांना घुमटाच्या आत सोडत नाहीत, आणि वर प्रार्थनेची पुस्तकं वगैरे न्यायला तेव्हा बंदी होती, म्हणून फाइल त्याने वर उघडलीच नाही, खाली उतरून भिंतीजवळच्या सावलीत उघडली. पहिला कागद म्हणजे घुमटाच्या आतल्या मोझेइकवरच्या अक्षरांचा फोटो. साधारण २४० मीटर लांब ओळ आहे ती, सोनेरी कुफी, म्हणजे जुन्या अरबी वळणाची अक्षरं, आत गोल फिरत जाते, आणि त्यात ग्रंथवाल्या लोकांना, म्हणजे मुख्यतः ख्रिश्चनांना उद्देशून लिहिलंय की धर्मात अतिशयोक्ती करू नका, मरियमचा मुलगा ईसा हा देवाचा प्रेषित, 'तीन' म्हणू नका. म्हणजे इमारतच वाद घालतेय. शेवटी बांधणाऱ्याचं नाव आणि साल. नाव खलिफा अल-मामूनचं. साल हिजरी ७२, म्हणजे इसवी ६९१-९२. आणि अल-मामून गादीवर आला ८१३ मध्ये! खरं बांधलं अब्द अल-मलिकने, अल-मामूनने सव्वाशे वर्षांनी त्याचं नाव काढून तिथे आपलं बसवलं, अक्षरं कोंबलेली दिसतात, रंगही जरा वेगळा आहे, पण साल बदलायचं राहून गेलं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरची पाटी अशीच बदललेली आहे, अध्यक्ष नवीन आणि उद्घाटनाची तारीख जुनीच. मी एकटीच हसले, मग नवऱ्याला कळलं, मग केरळवाले पण हसले कारण त्यांच्याकडे पण असंच असतं म्हणे.

मग प्रश्न, बांधलं कशाला. इथे तीन कागद. नवव्या शतकातला अल-याकूबी म्हणतो, तेव्हा मक्का अब्द अल-मलिकच्या शत्रूच्या, इब्न अल-झुबैरच्या ताब्यात होती, म्हणून लोकांनी हजला तिकडे न जाता इकडे यावं असा डाव. खाली गाइडची टीप, हा इतिहासकार उमय्या घराण्याच्या, म्हणजे अब्द अल-मलिकच्याच घराण्याच्या, विरोधी गोटातला. दुसरा अल-मकदिसी, खास जेरुसलेमचा माणूस, दहाव्या शतकातला, तो काकाचं ऐकीव सांगतो की ख्रिश्चनांच्या चर्चचा भव्य घुमट बघून मुसलमानांचे डोळे दिपू नयेत म्हणून. तिसरा कागद म्हणजे पुन्हा ती भिंतीवरची अक्षरंच. गाइड म्हणाला, यातल्या एकालाच त्याच काळातला साक्षीदार म्हणता येईल, आणि त्याचं पण नाव खोडलंय.

अल-मकदिसी त्या चर्चला, म्हणजे येशूच्या थडग्याच्या जागेवरच्या होली सेपल्करला, काय म्हणतो ते फार मजेशीर आहे. अरबीत त्या चर्चचं नाव कियामा, पुनरुत्थान. जुने मुस्लिम लेखक त्याचंच करतात कुमामा, म्हणजे कचरा. एका अक्षराची शिवी. आणि लगेच पुढच्या कागदावर उलटी बाजू, की बायझंटाइन काळात, म्हणजे अरब येण्याआधी ख्रिश्चन बादशहांचं राज्य होतं तेव्हा, ख्रिश्चनांनी ज्यूंच्या मंदिराची ही जागा मुद्दाम ओसाड ठेवली होती, आणि अरब आले तेव्हा तिथे शहराचा कचरा साठलेला होता अशा कथा आहेत, आणि त्यातली एक कथा चक्क एका ख्रिश्चन पाद्र्यानेच लिहून ठेवलीय. मुसलमान ख्रिश्चनांच्या पवित्र जागेला कचरा म्हणतायत, ख्रिश्चन ज्यूंच्या पवित्र जागेवर कचरा टाकतायत. इथे त्याने टायमर लावला नव्हता, विसरला असेल, आणि दिवसातला सगळ्यात चांगला भाग हाच झाला.

तो पाद्री म्हणजे युटिकियस, अलेक्झांड्रियाचा पॅट्रिआर्क, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, अरबी नाव सईद इब्न बत्रीक, दहाव्या शतकातला. हाच पुढे दुपारी परत भेटतो. खलिफा उमर जेरुसलेमला आला ६३८ च्या सुमारास, तेव्हाच्या इथल्या पॅट्रिआर्कने, सोफ्रोनियसने, त्याला चर्चमध्येच नमाज पढायला सांगितलं, आणि उमरने नकार दिला, मी इथे पढलो तर उद्या माझे लोक ही जागा मागतील म्हणून. बाहेर पायरीवर पढला. ही गोष्ट तुम्ही पण फॉरवर्डमध्ये वाचली असेल. लंडनच्या ताई ऐकताना एकदम खुलल्या, म्हणाल्या लहानपणी मदरशात हीच सांगायचे. मग फाइल. ही गोष्ट सांगतो युटिकियस, म्हणजे ख्रिश्चन, तीनशे वर्षांनी. आणि सोफ्रोनियसचं स्वतःचं काय आहे, तर ६३४ चं ख्रिसमसचं प्रवचन, ज्यात तो रडतोय की सारासेनांच्या, म्हणजे अरबांच्या भीतीने आम्हाला बेथलेहेमला जाता येत नाहीये, आणि त्यांना देव न मानणारे म्हणतोय. सौजन्य-बिजन्य काही नाही. ताईंचा चेहरा पडला, मग ही गोष्ट खोटी का. गाइड म्हणाला, मी खोटी म्हटलं नाही, तीनशे वर्षांनी एका पाद्र्याला ती लिहायची गरज का पडली ते विचारा. आणि मग कळलं, की ही गोष्ट म्हणजे चर्चचा सातबारा आहे. तुमच्याच खलिफाने शब्द दिलाय, हात लावू नका. १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमने ते चर्च पाडलंच शेवटी, सातबारा कामाला आला नाही.

आणि आज चर्चसमोर उमरची म्हणून जी मशीद दाखवतात ती सलाउद्दीनच्या मुलाने, अल-अफदलने, ११९३ मध्ये बांधली, आणि ती आहे चर्चच्या दक्षिणेला, कारण तोपर्यंत चर्चचा दरवाजा दक्षिणेला गेला होता. उमरच्या काळात दरवाजा पूर्वेला होता. म्हणजे गोष्ट दरवाजा बघून सरकली. मी दोन्ही दिशांना उभी राहून बघितलं, नवरा म्हणाला आता चल, भूक लागलीय.

थोडं मागे जाते, कारण १०९९ राहिलं. १५ जुलै १०९९, क्रुसेडवाले, म्हणजे युरोपातून आलेले ख्रिश्चन धर्मयोद्धे, शहरात घुसले आणि कत्तल झाली, यात कुणाचा वाद नाही. किती मेले यात आहे. अल-अक्साच्या बाहेर आलो तेव्हा गाइडने आम्हा प्रत्येकाला आधी आकडा विचारला. केरळच्या एका काकांनी दहा हजार सांगितला, लंडनचे भाऊ म्हणाले सत्तर हजार. मग फाइल. सत्तर हजारांहून जास्त, हा इब्न अल-असीर, तो जन्मलाच ११६० ला, म्हणजे साठ वर्षांनी, आणि तेव्हा त्या शहरात मुळात तेवढी माणसं असण्याची शक्यता कमी. दहा हजारांच्या जवळ, हा फुल्चर, क्रुसेडचा पाद्री, पण त्या दिवशी तो तिथे नव्हता, आला डिसेंबरमध्ये. रेमंड म्हणून एक होता तो मात्र हजर होता, आणि तो लिहितो की रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत आलं. हे वाचून अंगावर काटा येतो, पण ओळ बायबलमधली आहे, प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायातली, म्हणजे तो जे दिसलं ते मोजत नाहीये, देवाचा कोप उतरला असं मिरवतोय. आणि त्या वर्षांत त्याच भागात फिरणारा सेव्हिलचा इब्न अल-अरबी, मुसलमान, तो सांगतो तीन हजार.

म्हणजे गंमत बघा (गंमत शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाहीये), मारणारे पण आकडा फुगवतात आणि मेलेल्यांच्या बाजूचे पण फुगवतात, एक पराक्रम म्हणून, दुसरा जिहादसाठी लोक जागे व्हावेत म्हणून. आपल्याकडे बखर वाचताना आपण बघतोच की, कोणाच्या पदरी बसून लिहिलीय, लाखाचा आकडा आला की अर्धा करून वाचायचा. देवाच्या गोष्टीत मात्र तसं करताना जीभ अडखळते. केरळच्या काकांना तीन हजार ऐकून बरं वाटलेलं दिसलं, आणि मग बरं वाटलं म्हणून लाज वाटलेली पण दिसली. तीन हजार काय कमी आहेत का.

इथला शेवटचा कागद मी विसरणार नाही. कैरोच्या जुन्या भागात, फुस्तातमध्ये, बेन एझ्रा सिनेगॉगच्या माळ्यावर ज्यूंनी शेकडो वर्षं जुने कागद टाकून ठेवले होते, देवाचं नाव असलेला कागद फाडायचा जाळायचा नाही म्हणून. आपण जुनी पोथी नदीत सोडतो, रद्दीत घालत नाही, तसंच. १८९७ च्या आसपास ते बहुतेक केंब्रिजला गेले. त्यात किराणा आहे, घटस्फोट आहेत, मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या ज्यू व्यापाऱ्याची पत्रं आहेत. आणि त्यातच आहे ११०० चं एक पत्र, अश्कलोनच्या ज्यू पुढाऱ्यांचं, पैसे पाठवा म्हणून. क्रुसेडवाल्यांकडून माणसं सोडवतोय, पुस्तकं सोडवतोय, बायबलच्या २३० हस्तलिखित प्रती, इतर शंभर ग्रंथ, तोरा या धर्मग्रंथाच्या आठ गुंडाळ्या, कर्ज झालंय, अजून माणसं अडकलीत, औषधाला कपड्याला पैसे नाहीत. दमास्कसचा इब्न अल-कलानिसी लिहितो की ज्यू सिनेगॉगमध्ये जमले आणि फ्रँकांनी, म्हणजे क्रुसेडवाल्यांनी, ते त्यांच्यावर जाळलं. पत्रात दिसतं की खूप मेले, पण काही पळाले, काही विकले गेले, काही पैसे देऊन सुटले. आणि मध्येच एक वाक्य, की या शापितांनी इतर करतात तसे बायकांवर बलात्कार केल्याचं आमच्या कानावर नाही, देवाची कृपा. शिवी देऊनच लिहिलंय, पण लिहिलंय. ज्याचं घर जळलं त्याने शत्रूबद्दल असं वाक्य लिहून ठेवलं, तेही वर्गणी मागायच्या पत्रात, जिथे ते गाळलं असतं तर चार दिनार जास्तच मिळाले असते. मी गाइडला तो कागद परत मागितला आणि दुसऱ्यांदा वाचला. टायमर वाजला, त्याने बंद केला.

आता कापलेला स्टार.

वेस्टर्न वॉल, म्हणजे ज्यू जिथे प्रार्थना करतात त्या भिंतीसमोरच्या मोठ्या पटांगणात जर्मन बाईंनी विचारलं, हे पटांगण एवढं मोठं कसं, जुन्या फोटोत तर इथे गल्ली दिसते. गाइडने फाइल उघडलीच नाही. म्हणाला, १९४८ मध्ये जॉर्डनच्या फौजेने ज्यूंचं हुर्वा सिनेगॉग उडवलं, १९६७ मध्ये इस्रायलने इथली मोरोक्कन वस्ती पाडली, दोन्हीकडून झालं, चला. दीड वाक्यात हिशोब चुकता. अरे पण असं कसं? हुर्वा पडलं ते लढाई चालू असताना, पण त्यानंतर एकोणीस वर्षं ज्यूंना या भिंतीपाशी येऊच दिलं नाही, ते सांग ना. वस्ती पाडली ती शहर हातात आल्यावर दोन-तीन दिवसांनी, रात्रीत, सुमारे १३५ घरं, शावुओतच्या सणाला गर्दी येणार म्हणून, आणि ती वस्ती वसवली होती त्याच अल-अफदलने, आठशे वर्षांपूर्वी, ते पण सांग. यातलं कुठलं जास्त वाईट ते ठरवायला मी गेले नव्हते. पण दोन पारड्यांत एक-एक दगड टाकला आणि काटा सरळ झाला की विषय संपला, हे मला इतिहास वाटत नाही, वाण्याचं दुकान वाटतं. हजार वर्षं जुनं असलं की हा माणूस वाघ, आणि आजी-आजोबांच्या आठवणीतलं आलं की टायमर. कारण समजतं, त्याला रोज तिथेच काम करायचंय, तरी तिकीट घेतलंय तर बोलणारच.

ज्यू इतिहासाची पन्नास मिनिटं पण एकसुरी. इसवी ७० चा रोमनांचा वेढा, मंदिर जळलं, ज्यू इतिहासकार जोसेफसचा अकरा लाख मेल्याचा आकडा आणि रोमन इतिहासकार टॅसिटसचा सहा लाख वेढ्यात अडकलेल्यांचा, हे छान सांगितलं, जोसेफस रोमच्या बादशहाच्या आश्रयाला राहून लिहीत होता म्हणून वेढा घालणाऱ्या रोमन सेनापती टायटसला मंदिर जाळायचंच नव्हतं म्हणतो, हे पण सांगितलं. मग एकदम युरोप. येमेन नाही, इराक नाही, भारत तर नाहीच. मी विचारलं, बेने इस्रायल, आमच्या कोकणातले ज्यू? "फार लहान समाज," म्हणाला, वेळ नाही.

आता हे मला लागलं कारण आम्ही उतरलो होतो अश्दोदला, आईच्या अलिबागच्या शेजारणीकडे, १९७१ ला इकडे आलेली, आम्ही मावशीच म्हणतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, मराठी अजून आपल्यापेक्षा चांगलं बोलते, शुक्रवारी संध्याकाळनंतर गॅस पेटवत नाही. तिच्याकडचा इतिहास असा, की नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं, सात पुरुष सात बायका वाचल्या, तेल गाळायचा धंदा धरला, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायला लागले. जहाज फुटणं आणि चौदा जीव हे चित्पावनांच्या परशुरामाच्या गोष्टीशी किती जुळतं ते मी एकदा बोलले तर म्हणाली, "एकाच किनाऱ्यावरची माणसं आहोत गं, गोष्टी पण शेजारणीकडून विरजणासारख्या आणलेल्या असतात." मग तिने थोरल्या भावाचं सांगितलं, तो आधी आलेला, आणि १९६१-६२ ला इथल्या रब्बींनी बेने इस्रायलांची लग्नं लावताना आजी-पणजीपर्यंतची चौकशी लावली, तुम्ही नक्की ज्यू का म्हणून. लोक रस्त्यावर बसले, १९६४ ला सरकारने ठरावात सांगितलं की हे पूर्ण ज्यूच. भाऊ म्हणायचा, दोन हजार वर्षं शनिवार पाळला तो शेजाऱ्यांना दिसला, म्हणून नाव पडलं, पण इथे शेजाऱ्याची साक्ष चालत नव्हती, कागद हवा होता.

वॉकवरून परत गेलो तर मावशीने मलिदा केलेला, गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. "आमचं काय सांगितलं मग?" मी म्हटलं काही नाही, टाइम नव्हता. "बरं," म्हणाली, "केळं घे."

बाकी किरकोळ. हेडसेट खरखरतो, जोडी बदलून मागा. होली सेपल्करच्या आत गर्दी असेल तर गाइड बाहेर अंगणातच सगळं सांगून टाकतो, ती खिडकीखालची शिडी आणि मुसलमान घराण्यांकडे असलेली किल्ली वगैरे, ते कुठल्याही व्हिडिओत मिळतं, त्यापेक्षा त्याला फाइल उघडायला लावा. इथिओपियन लोक वर गच्चीवर राहतात तिकडे नेत नाही, स्वतः जा, दोन मिनिटं लागतात. फालाफल खाणार असाल तर मुख्य रस्त्यावर खाऊ नका, मागच्या गल्लीत निम्म्या किमतीत आहे. शुक्रवार शनिवार बुक करू नका, वरती सोडत नाहीत.

गाइडला नंतर मेल टाकलाय, शनिवार तेलींवर एक पान लिहून, वरती तीन गोष्टी त्याच्याच पद्धतीने, कोणी सांगितलं, कधी सांगितलं, तेव्हा ती कुठे होती (अश्दोदच्या ओट्यापाशी, खोबरं खवत). उत्तर आलं की इथेच खाली टाकते.